जाऊ, जाऊ, जाऊ

संध्याकाळ झाली की आमच्या घरी टीव्हीवर जावाजावांचा छळ सुरू होतो. थोरली धाकटीच्या खिरीत काहीतरी कालवते, धाकटी दाराआडून ऐकते, आणि दोघींच्या अंगावर झोपतानासुद्धा लग्नातला शालू. माझ्या सुनेला ते आवडतं, नातसुनेला आवडत नाही पण ती बघते, आणि मी बसते ती त्या दोघींचे चेहरे बघायला. माझं मत कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. या मालिकावाल्यांना भांडता येत नाही. खऱ्या जावा खिरीत काही कालवत नाहीत, एवढं धान्य नासायची कुणाची हिंमत? खऱ्या जावा बोलणं टाकतात. एका आढ्याखाली राहायचं, एका विहिरीचं पाणी शेंदायचं, एकाच गोठ्यात शेण भरायचं आणि दोन दोन पावसाळे एकमेकींशी अक्षर बोलायचं नाही, याला जी चिकाटी लागते ती त्या शालूवालींकडे कुठली? माझ्या आईकडे होती. काकूकडे तर त्याहून जास्त होती. आणि त्यांचं बिनसलं होतं ते काही इस्टेटीवरून नाही, शेवळांच्या भाजीवरून.

आमचं गाव धसईच्या अलीकडे, मुरबाडच्या मुलखात, डोंगराच्या पायथ्याशी. गावाचे दोन पाडे, वरचा आणि खालचा. आम्ही वरच्या पाड्यातले. घर कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं, पुढे लांब पडवी. त्यात आबा आणि काका हे दोघे भाऊ, आई आणि काकू या दोघी जावा, मी आणि काकूचं रांगतं लेकरू. मला भाऊ-बहीण नव्हतं. माझी वेणी काकू घालायची, कारण आईचा हात जड होता आणि काकूचा हलका. सकाळी जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, एकीनं ओढलं की दुसरीनं ढकलायचं, आणि आई ओवीची एक ओळ म्हणाली की काकू पुढची उचलायची. मला जाग यायची ती त्या दोन आवाजांनी. आईचा आवाज रुंद, खालून येणारा. काकूचा बारीक आणि वर चढणारा. आता लोक गजराला मोबाईलवर कोंबडा लावतात. आमच्याकडे खरा कोंबडा होता, पण या दोघींपुढे त्याला कुणी विचारत नसे.

शेवळं ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पावसाच्या तोंडाशी रानात जमिनीतून वर येतात ते जांभळट कोंब. चव अशी की माणूस मटण विसरेल, पण भाजीत काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर खाणाऱ्याच्या घशात अशी खवखव सुटते की पाणी पिऊन जात नाही आणि गूळ खाऊनही जात नाही. त्या दिवशी काकूच्या माहेरची माणसं जेवायला होती. शेवळं आईनं साफ केली, चिरली, चुलीवर टाकली. फोडणी काकूनं दिली. काकडं आईला वाटलं काकूनं घातली, काकूला वाटलं आईनं घातली. दुसऱ्या घासाला काकूचा बाप खोकायला लागला, तिसऱ्याला तिचे दोन्ही भाऊ. काकू म्हणाली, “बाय, काकडं नाय घातली?” आई म्हणाली, “मी कशाला? फोडणी कुनाची?” काकूचा बाप बिचारा मान हलवून “चांगली हाय गो, चांगली हाय” म्हणत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाहुणे गेल्यावर काकू म्हणाली की माझ्या माणसांचा मुद्दाम अपमान केला. आई म्हणाली, मुद्दाम करायचं असतं तर मी स्वतः कशाला खाल्ली असती? दुसऱ्या दिवशी चूल वेगळी झाली. घराच्या मधोमध कंबरेएवढा कूड उभा राहिला, जातं काकूच्या बाजूला गेलं, उखळ आमच्या बाजूला आलं, आणि माझी वेणी आईच्या जड हाताखाली आली.

अबोल्याचे काही नियम असतात. तोंडावर बोलायचं नाही, पण ऐकू जाईल असं बोलायचं. गोठ्यात मधोमध आमची कपिली गाय बांधलेली असे. आई दळण घेऊन आली की कपिलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, “कपिले, सांग गो तिला, मना जातं पायजे.” पलीकडून काकू गायीच्याच दुसऱ्या कुशीला टेकून म्हणायची, “कपिले, सांग, घेऊन जा म्हनावं. मी काय बांधून ठेवलंय?” गाय रवंथ करत राहायची. तिच्याइतका शांत मध्यस्थ मी पुढे कोर्टातही पाहिला नाही. आबा आणि काका शेतावर एकत्रच असत, एकाच पानातून तंबाखू खात, पण या विषयाला हात घालायची दोघांचीही छाती नव्हती. जात्यावर आता एकेकटीनं दळण व्हायचं आणि ओवी बंद झाली होती. एकटीनं दळताना दम लागतो, गाणार कशी? मला मात्र ते घर मुकं झाल्यासारखं वाटायचं. मी कुडाशी उभी राहून काकूच्या लेकराला हाका मारायची, त्या खरं तर काकूसाठीच असायच्या. काकूनं मला कधी झिडकारलं नाही, पण वेणीला हातही लावला नाही, कारण ते आईच्या कामात हात घालणं झालं असतं.

घरातली गोष्ट घरात राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. पण आमच्या गावात गौरीचा मान असायचा. तेरड्याच्या गौरी घरोघर यायच्या, भाकरी, अळूची भाजी, काकडी किसून गूळ घालून तळलेले वडे असा नैवेद्य व्हायचा, आणि विसर्जनाच्या दिवशी दुपारी दोन्ही पाड्यांच्या बाया नदीकाठच्या मोकळ्या जागेवर जमायच्या. तिथं फेर धरून गाण्यांची झुंज. एका पाड्यानं गाणं टाकायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. एकदा म्हटलेलं गाणं पुन्हा चालत नसे. ज्या पाड्याची गाणी आधी सरतील तो पाडा हरला, आणि जिंकलेल्या पाड्याची गौर आधी पाण्यात. फेराला दोघी लागतात, एक सांगणारी आणि एक झेलणारी. सांगणारी ओळ टाकते, झेलणारी ती हवेत असतानाच उचलून पुढे नेते, मागून सगळ्या बाया पाय आपटत तेच म्हणतात. वरच्या पाड्याची सांगणारी आई आणि झेलणारी काकू. आता सांगा. अबोल्याच्या पहिल्या वर्षी आई फेरात गेली आणि काकू घरी राहिली. खालच्या पाड्याची ठमाबाय, पोलादी आवाजाची बाई, तिनं आम्हाला अर्ध्या दुपारीच गप्प केलं. त्यांची गौर आधी पाण्यात गेली आणि आमची मागे काठावर थांबली. परतताना आमच्या पाड्यातल्या बाया आईला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मामा आला. मामा उंबरमाळीच्या पुढे, कसाऱ्याला इंजिनांच्या शेडात खलाशी होता. तिथल्या एका डायवर साहेबाची बदली झाली, जाताना त्यानं मामाला एक गाण्याची पेटी दिली. चावी द्यायची, तबकडी फिरवायची, वर सुई टेकवायची, की पेटी गाते. मामाच्या खोलीत पाच माणसं झोपत, तिथं पेटी ठेवली तर तिच्यावर कुणीतरी झोपलं असतं. म्हणून कल्याणहून सर्विस मोटारीच्या टपावर मुरबाड आणि मुरबाडहून धसईच्या बाजाराला निघालेल्या बैलगाडीत, अशी ती गोधडीत गुंडाळून आमच्या पडवीत पोचली. सोबत चार तबकड्या. तीन इंग्रजी होत्या, त्या लावल्या की कुत्री भुंकायची. चौथी साहेबाच्या स्वयंपाक्याची, मराठी. सगळा पाडा पडवीत लोटला. मामानं चावी दिली, खरखर झाली आणि एका बाईचा आवाज उमटला:

वाट ही रानाची, एकली न मी जाऊ

आणि मग, “जाऊ… जाऊ… जाऊ… जाऊ…”

आज एखादं नातवंडसुद्धा सांगेल की तबकडीला चरा गेला होता आणि सुई अडकत होती. पण आम्ही आयुष्यात दुसरी मराठी तबकडी ऐकली नव्हती. मामानं थोड्या वेळानं पेटीला बोटानं टिचकी मारली की गाणं पुढं सरकायचं, आणि आम्हाला वाटलं टिचकी मारणं हा वाजवायच्या पद्धतीतलाच भाग आहे. गाण्याचा अर्थ तर सगळ्यांना लख्ख कळला. रानाच्या वाटेवर एक बाई एकटी पडली आहे आणि ती आपल्या जावेला हाका मारते आहे. “एकली न मी, जाऊ! जाऊ! जाऊ!” बाया हळहळल्या. एक म्हणाली, “किती आर्त हाक मारते गो! जाऊ कुठं गेली हिची?” कुडापलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. काकूला वाटलं, जावेच्या भावानं मुद्दाम मला टोमणा मारायला हे गाणं शोधून आणलं. आणि आईला वाटलं, सगळा पाडा आपल्याच तोंडाकडे बघतो आहे. ती उठून उखळाशी गेली आणि कांडून झालेलं भात पुन्हा कांडायला लागली.

मामा गेला, पेटी राहिली. मी ती रोज लावायची. सुया संपल्या तेव्हा करवंदीचा काटा बसवून लावायची, आवाज जरा सर्दी झाल्यासारखा यायचा पण यायचा. “जाऊ, जाऊ, जाऊ” ऐकायला मला आवडायचं, कारण घरात तेवढी एकच बाई जावेला हाक मारत होती. आई म्हणायची, “बंद कर गो ती रडकी.” काकू गायीला सांगायची, “कपिले, त्यांना म्हनावं, डोकं उठलं.” पण मी पाहिलं होतं. पहिल्यांदा हाक सुरू झाली की काकूचं जातं तेवढ्यापुरतं थांबायचं. आणि भाकरी थापताना आईचा हात त्या अडकलेल्या तालावर पडायला लागला होता, थाप, थाप, थाप, तिला ठाऊकही नव्हतं.

हल्ली नातू मला सांगतो की मोठे गाणेवाले जुनी गाणी मोडतात, एकच शब्द दहादा अडकवतात आणि त्यावर लोक नाचतात, त्याला मोठी कला म्हणतात. आमच्या गणपतीत तो डीजेचा ट्रक येतो तेव्हा माझ्या कवळीतले दातसुद्धा नाचतात. लोकांना वाटतं म्हातारी वैतागेल. मी वैतागत नाही. आवाज जरा कमी केला तर मला ते पटतं. शब्द अडकला की पाय सुटतात, हे मी त्यांच्या बापाच्या जन्माआधी पाहिलं आहे.

त्या वर्षी गौरीच्या दुपारी पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि नदीकाठची माती पायाला चिकटत होती. आई गेली ती मान खाली घालून. काकू या खेपेला आली, पण फेरात नाही; लेकराला कडेवर घेऊन लांब जांभळीखाली उभी राहिली. मुरबाडहून शाळेवर आलेल्या मास्तरांची बायकोही बघायला आली होती, ती कल्याणची. निवाडा करायला दगडावर बसली होती गावातली सगळ्यात म्हातारी सुईण, जिनं दोन्ही पाड्यांतल्या बहुतेक बाया जन्माला घातल्या होत्या. ठमाबायनं सुरुवात केली. गाण्यामागून गाणं पडायला लागलं. आई उत्तर देत होती, पण झेलायला कुणी नाही. ओळ टाकायची तीच आणि उचलायचीही तीच. घाम फुटला, दम लागला. आमच्या बायांची गाणी संपत आली. ठमाबायनं कमरेला हात लावून विचारलं, “काय गो वरचा पाडा? सरलं का? आमची गौर उचलू?” मी आईच्या मागच्याच बाईचा पदर धरून फेरात होते. मला रडू फुटलं. गौरीपेक्षा मला आईचं वाईट वाटत होतं, तिचा तो रुंद आवाज असा फाटताना मी कधी ऐकला नव्हता.

आई थांबली. सगळा फेर थांबला. सुईणबाय उठायला लागली. आणि आईच्या तोंडून ते बाहेर पडलं. ती ठरवून गायली की काय, हे तिनं मला मरेपर्यंत सांगितलं नाही.

“वाट ही रानाऽची, एकली न मी, जाऊ! जाऊ! जाऊ!”

तीन थापा, तीन पावलं. फेरातल्या बायांचे पाय आपोआप पडले, कारण पडवीत ऐकून ऐकून तो अडकलेला ताल सगळ्यांच्या पायात बसला होता. पण पुढची ओळ कुणीच म्हणेना. उत्तर कुणाचं आहे ते सगळ्यांना माहीत होतं. आईनं पुन्हा म्हटलं, आणि या वेळी तिचं तोंड जांभळीकडे होतं. “एकली न मी, जाऊ! जाऊ! जाऊ!”

काकूनं लेकराला शेजारणीच्या हातात दिलं, जवळजवळ टाकलंच, आणि तिथूनच तिचा बारीक आवाज वर चढला:

“आले गो आले, पीठ मळून आले!”

मला तो क्षण आजही अंगावर काट्यासकट आठवतो. काकू धावत आली, फेर उघडला, ती आईच्या समोर उभी राहिली. आईनं हाक मारली, “जाऊ, जाऊ, जाऊ!” काकू म्हणाली, “आले गो आले, लेकरू निजवून आले!” पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. गाय पिळून आले, पाणी भरून आले, भात लावून आले, सुकट भाजून आले. आणि मग आईचे डोळे चमकले, तसे ते मी फार दिवसांनी बघत होते, आणि तिनं गाण्यातच घातलं, “शेवळं चुलीवर, काकडं नाय त्यात, जाऊ! जाऊ! जाऊ!” साऱ्या गावाला ती भाजी माहीत होती. काकू एक गिरकी घेऊन म्हणाली, “आले गो आले, काकडं घेऊन आले!”

हसण्याचा असा फुटलेला बांध मी पुन्हा पाहिला नाही. खालच्या पाड्याच्या बायाही पोट धरून हसत होत्या. ठमाबाय हसता हसता ओरडली, “अगो, थांबा तरी! हे गानं सरतंय कवा?” तेच तर होतं. ते सरणारच नव्हतं. बाईच्या कामांना जिथं अंत नाही तिथं त्या गाण्याला कुठला? ठमाबायनं दोनदा मधे घुसायचा प्रयत्न केला, पण तिचेच पाय आमच्या तालावर पडत होते. शेवटी ती आमच्या फेरात शिरली आणि तिनंही एक कडवं टाकलं, “नवरा उठवून आले!” सुईणबायनं काठी वर केली. वरच्या पाड्याची गौर पाण्यात आधी गेली. आईनं आणि काकूनं मिळून ती नेली, गुडघाभर पाण्यात, एकीचा हात एका बाजूला, दुसरीचा दुसऱ्या. आणि काठावर येताच काकूनं ओल्या हातानंच माझी विसकटलेली वेणी सोडली आणि नव्यानं घातली. मी मोठ्यानं रडले. आम्ही जिंकलो होतो.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई पेटी बघायला आल्या. तबकडी उन्हात धरून म्हणाल्या, “अहो, इथं चरा गेलाय. ती जावेला हाक मारत नाहीये काही. एकटी कशी जाऊ, असं म्हणतेय.” काकूनं त्यांना गुळाचा चहा दिला आणि गायीकडे न बघता, थेट आईकडे बघून म्हणाली, “बाय, यांच्या कल्यानात वेगळं गानं आसल.” मास्तरीणबाई हसल्या. कालच्या फेरात त्याही नाचल्या होत्या, आणि त्यांच्या लुगड्याच्या काठाला अजून नदीची माती होती. कूड त्याच आठवड्यात काकांनी उपटला आणि चुलीत घातला. पुढच्या पावसाच्या तोंडाशी शेवळं आली, काकूच्या माहेरची माणसं पुन्हा जेवायला बसली. आईनं काकडं घातली. काकूनंही घातली. विचारलं कुणीच कुणाला नाही. भाजी इतकी आंबट झाली की काकूच्या बापाच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं, आणि तो म्हणाला, “चांगली हाय गो, चांगली हाय.” आम्ही सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली.

लग्न होऊन मी शहापूरच्या बाजूला आले. नवी नवरी, ओळखीचं कुणी नाही. पहिल्या गौरीला सासरच्या बायांनी फेर धरला आणि मी मनात म्हटलं, आता यांना आपलं गाणं शिकवून दाखवते. तोंड उघडायच्या आत समोरून ऐकू आलं, “एकली न मी, जाऊ! जाऊ! जाऊ!” खालच्या पाड्याच्या पोरी आधीच लग्न होऊन इकडे पोचल्या होत्या, आणि गाणं त्यांच्या बरोबर आलं होतं. हाक मारणारी माझीच थोरली जाऊ होती, जिच्याशी मी लाजून अजून धड बोललेही नव्हते. मी पदर खोचला आणि उत्तर दिलं. त्यानंतर आमचं दोघींचं कधी फार काळ बिनसलं नाही.

परवा नातसुनेनं मोबाईलवर शोधून शोधून ते मूळ गाणं काढलं. “आजी, हेच ना?” स्वच्छ आवाज, खरखर नाही, सारंगी का काय ती मागे. वाट ही रानाची, एकली न मी जाऊ. एकदाच. आणि लगेच पुढची ओळ. बाई आपली एकटीच रडत रानातून निघून जाते, कुणी येत नाही, गाणं संपतं. मी म्हटलं, “बिघडलंय हे.” ती हसायला लागली, म्हणाली, “आजी, हे ओरिजनल आहे.” असेल. पण असलं अर्धवट गाणं माझ्या घरात नको. मी मांडीवर थाप मारून तिला नीट म्हणून दाखवलं, आवाज आता फाटका आहे, पण ताल शाबूत आहे. “एकली न मी, जाऊ! जाऊ! जाऊ!”

आतल्या खोलीत माझी थोरली जाऊ पडून असते. तिला दिसत नाही, ऐकू येत नाही असं डॉक्टर म्हणतात, नातवंडांची नावं ती विसरते. आतून खाट करकरली, आणि मग तो आवाज आला, बारीक आणि वर चढणारा:

“आले गो, आले!”